सुट्टीत वाचायला पुस्तक कसं निवडायचं: खूप वर्षांनी पुन्हा वाचायला बसणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीला निघताना मी बॅगेत साडेसहाशे पानांची एक कादंबरी टाकली होती, जिचं नाव तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं आणि जी आपण वाचली नाही हे सांगायला मला जरा अवघड वाटायचं. आठ दिवसांत चाळीस पानं झाली. रोज दुपारी उघडायची, कालची शेवटची तीन पानं परत वाचायची, कोण कोणाचा काका हे आठवायचा प्रयत्न करायचा आणि मग हात आपोआप मोबाईलकडे जायचा. नवव्या दिवशी, आम्ही राहत होतो त्या घरातल्या खिडकीत एक पुस्तक पडलेलं दिसलं, मुखपृष्ठ फाटलेलं, जेमतेम दीडशे पानांची रहस्यकथा, लेखकाचं नाव कधी कानावर आलेलं नव्हतं. ते दोन दुपारींत संपलं, आणि तिसऱ्या दुपारी मला चक्क चुकल्यासारखं झालं की आता वाचायला काहीच नाही.

ती जाडी कादंबरी वाईट नव्हती. पुढे एका पावसाळ्यात मी ती वाचली आणि मनापासून आवडली. पण त्या सुट्टीसाठी, त्या गडबडीत, तेव्हाच्या माझ्या डोक्याला ते पुस्तक चुकीचं होतं एवढंच. बरेच लोक म्हणतात ना, "माझं वाचन सुटलं, आता एका जागी बसवतच नाही," त्यातल्या निम्म्या जणांना मी विचारलंय की शेवटचं कोणतं पुस्तक हातात घेतलं होतंत, आणि उत्तर बहुतेक वेळा असंच कुठलंतरी वजनदार पुस्तक असतं, कोणीतरी "वाचायलाच हवं" म्हणून सांगितलेलं. म्हणून हा लेख. वाचनाची सवय सुटलेल्यांसाठी किंवा आत्ताच लागायला सुरुवात झालेल्यांसाठी, एकेक पायरी करून सांगतो.

पायरी १: तुम्हाला नक्की काय आवडतं ते शोधा (आणि घाई करू नका)

यात सगळ्यात जास्त वेळ घालवा, बाकीचं पुढे सोपं होतं.

एक कागद घ्या. गेल्या काही वर्षांत ज्या गोष्टीने तुम्हाला धरून ठेवलं अशा तीन-चार गोष्टी लिहा. पुस्तकंच पाहिजेत असं काही नाही, वेब सिरीज चालेल, सिनेमा चालेल, पॉडकास्ट चालेल, एखाद्या माणसाने प्रवासात सांगितलेली स्वतःची हकीकत पण चालेल. आता प्रत्येकापुढे लिहा की त्यातलं तुम्हाला आज काय आठवतंय. "छान होतं" असं लिहू नका, नेमकं काय आठवतंय ते लिहा.

माझ्या मावशीबरोबर हे करून बघितलं होतं. ती ठामपणे म्हणायची की मला फक्त खुनाच्या गोष्टी आवडतात. म्हणून सगळे तिला पाठलाग, गोळीबार असले थ्रिलर आणून द्यायचे आणि ते अर्धवट पडायचे. मी विचारलं, तुला आवडलेल्या त्या एका पुस्तकातलं आत्ता काय आठवतंय? खुनी कोण होता हे तिला आठवेचना. आठवत होतं ते हे, की दोन भाऊ एकाच घरात राहतात आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, एकाच्या ताटात वाढताना दुसऱ्याची बायको मान वर करत नाही. आता बघा, हे काय खुनाचं आकर्षण नाही ना. तिला माणसं आणि घरातले ताण वाचायला आवडतात, खून त्या पुस्तकात योगायोगाने होता. तेव्हापासून तिला कौटुंबिक कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं द्यायला लागलो आणि ती आता माझ्यापेक्षा जास्त वाचते.

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांनी हीच गोष्ट फार सोपी करून मांडली आहे. त्या म्हणतात की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात पण एखादं दार मोठं असतं, आणि प्रत्येक वाचकालाही एखादंच दार जास्त आवडतं. स्वतःचं दार ओळखायची माझी पद्धत अशी:

- "पुढे काय झालं?" म्हणून रात्री जागलात तर तुमचं दार गोष्टीचं. रहस्यकथा, थ्रिलर, साहसकथा, भयकथा, आणि हो, उत्तम लिहिलेला इतिहास सुद्धा.
- पुस्तक संपल्यावर त्यातली माणसं सोडून गेल्यासारखं वाटलं तर पात्रांचं. कौटुंबिक कादंबरी, चरित्रं, आत्मचरित्रं, प्रेमकथा.
- "तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं" असं म्हणत असाल तर परिसराचं. प्रवासवर्णनं, ऐतिहासिक कादंबऱ्या, विज्ञानकथा, अद्भुत जगांच्या कादंबऱ्या.
- एखादं वाक्य दुसऱ्याला वाचून दाखवावंसं वाटत असेल तर भाषेचं. ललित लेख, कविता, विनोदी लेखन, काही कथासंग्रह.

प्रकार एकच असला तरी दार वेगळं असू शकतं हे मात्र लक्षात ठेवा. दोन्ही विज्ञानकथाच, पण एकीत यान कोसळतंय आणि दुसरीत यानावरच्या दोन म्हाताऱ्यांची मैत्री आहे. फक्त प्रकार बघून घ्याल तर फसाल.

आणि याच कागदाच्या मागच्या बाजूला, काय अजिबात नको ते पण लिहा. मला सुट्टीत आजारपणाची वर्णनं नको असतात, लहान मुलांना त्रास होतो अशा गोष्टी नको असतात. यात कमीपणा काही नाही, सुट्टी तुमची आहे.

पायरी २: वेळेचा खरा हिशोब

सुट्टी आली की वाटतं आता रोज तीन तास वाचू. प्रत्यक्षात पाहुणे, मुलं, प्रवास, उकाडा, झोप. म्हणून आधी मोजायचं.

इंग्रजी मनातल्या मनात वाचण्याच्या वेगावर मार्क ब्रिसबर्ट या संशोधकाने बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१९ मध्ये सरासरी काढली, ती माहितीपर लिखाणाला मिनिटाला साधारण २३८ शब्द येते, कथा-कादंबरीला थोडी जास्त, २६० च्या आसपास. पण हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका, कारण आपल्याकडे "घरासमोरच्यांनासुद्धा" हा एकच शब्द असतो, इंग्रजीत त्याचेच बरेच शब्द होतात. त्यापेक्षा स्वतःचा वेग मोजा. घरातलं कुठलंही साधं पुस्तक घ्या, मोबाईलवर दहा मिनिटांचा टाइमर लावा, नेहमीसारखं वाचा आणि पानं मोजा.

समजा सहा पानं झाली. रोज खात्रीने मिळतील अशी मिनिटं किती? प्रामाणिकपणे सांगा. पंचवीस? मग रोजची पंधरा पानं. महिनाभराची सुट्टी असेल तर ४५० पानं. म्हणजे तुमच्या या उन्हाळ्यात दोनशे-सव्वादोनशे पानांची दोन पुस्तकं बसतात. एवढंच. पण हा आकडा समोर आला की निवड किती सोपी होते बघा, आठ पुस्तकांचा ढीग घरी आणून त्याच्याकडे बघून वाईट वाटायचं कारणच राहत नाही.

मिनिटांइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती मिनिटं कशी मिळणार. सलग तास मिळणार असेल तर कादंबरी. दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळणार असतील, कोणीतरी सारखं हाक मारणार असेल, तर कथासंग्रह, ललित लेख, किंवा चार-पाच पानांची छोटी प्रकरणं असलेली कादंबरी. ज्याला दर पाच मिनिटाला उठावं लागतं त्याने चाळीस पानांच्या सलग प्रकरणाची कादंबरी घेऊ नये, पुस्तक कितीही चांगलं असलं तरी.

पायरी ३: नावं गोळा करा

आता तुम्हाला दार माहीत आहे, पानं माहीत आहेत. आता नावं.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे वाचनालय आणि तिथला ग्रंथपाल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, जगभर आजही शिकवले जातात, त्यातला दुसरा नियम आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, आणि तिसरा त्याच्या उलट, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला हे दोन नियम फार जवळचे वाटतात. चांगला ग्रंथपाल नेमकं हेच काम करत असतो, पण त्याला तुम्ही नीट सांगायला हवं.

"एखादं छान पुस्तक द्या ना" असं विचारलं की समोरचा त्याला जे छान वाटतं ते देणार. त्याऐवजी असं विचारा: "मला ते अमुक पुस्तक आवडलं होतं, त्यातल्या दोन भावांच्या भांडणामुळे. दोनशे पानांच्या आत असं काही आहे का? आजारपणाचं नको." बास, तीन गोष्टी: काय आवडलं, किती पानं, काय नको. मित्रांना, पुस्तकवाल्यांना, ऑनलाइन ग्रुपवर, सगळीकडे असंच विचारा. उत्तरं एकदम वेगळ्या दर्जाची येतात.

मित्रांच्या बाबतीत अजून एक. ज्या मित्राची आणि तुमची आवड आधी दोनदा जुळली आहे त्याचंच ऐका. तो विद्वान आहे की नाही याचा इथे संबंध नाही.

ऑनलाइन परीक्षणं बघत असाल तर पाच स्टारवाली आणि एक स्टारवाली दोन्ही सोडा आणि मधली, तीन स्टारवाली वाचा. तिथे लोक काय आवडलं आणि काय खटकलं हे दोन्ही सांगतात. कोणीतरी तक्रार करतो की "फारच संथ आहे, पन्नास पानं नुसतं गावाचं वर्णन" आणि तुमचं दार परिसराचं असेल तर ही तक्रार म्हणजे तुमच्यासाठी शिफारस झाली.

पुरस्कार आणि बेस्टसेलरच्या याद्या चाळा पण त्यावर पूर्ण विसंबू नका. पुरस्कार देणारी समिती पुस्तकाचं मोल ठरवते, ते तुमच्या प्रवासात वाचायला मजेचं आहे का हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच.

एखादा लेखक आधी आवडलेला असेल तर मात्र सोपं काम, त्याचंच दुसरं पुस्तक घ्या. आणि अनुवादित पुस्तक आवडलं असेल तर लेखकाबरोबर अनुवादकाचंही नाव लिहून ठेवा. चांगला अनुवादक सहसा निवडूनच पुस्तकं घेतो, त्याच्या नावावर विश्वास ठेवून मी कितीतरी अनोळखी लेखक वाचले आहेत.

पायरी ४: हातात घेऊन तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मुखपृष्ठ बघतात, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात आणि घेऊन टाकतात. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक विकायला लिहिलेला असतो, त्यातून विषय कळतो, लिहिणं कसं आहे ते कळत नाही. आणि लांब प्रस्तावना असेल तर ती आधी मुळीच वाचू नका, कितीतरी प्रस्तावनांमध्ये शेवट सांगून टाकलेला असतो.

मी काय करतो ते सांगतो. पुस्तक कपाटातून काढायचं, शक्य असेल तर बाजूला खुर्ची किंवा स्टूल असेल तिथे बसायचं. पहिलं पान वाचायचं, सावकाश. मग सरळ मधे जायचं, साधारण पुस्तकाच्या एक तृतीयांशावर, आणि कुठलंही एक पान वाचायचं. पहिलं पान लेखकाने वीस वेळा घासून लिहिलेलं असतं, मधलं पान तुम्हाला रोज काय वाचायचंय ते दाखवतं. त्या मधल्या पानावर तुम्हाला ना पात्रं माहीत, ना काय चाललंय ते माहीत, तरी पण डोळे पुढच्या पानाकडे गेले का? पान उलटायला बोट आपोआप कोपऱ्याशी गेलं का? गेलं असेल तर पुस्तक घ्या. मला हे बोटाचं लक्षण आजपर्यंत जवळजवळ कधी चुकीचं निघालेलं नाही.

मग एक संवाद शोधायचा आणि तो ओठातल्या ओठात म्हणून बघायचा. माणसं अशी बोलतात का? अनुवादित पुस्तक असेल तर हे करायलाच हवं. "मी तुला पुरेसे धन्यवाद देऊ शकत नाही" असं एखादी आजी म्हणत असेल तर समजा की पुढची तीनशे पानं डोकं आधी ते वाक्य परत मूळ भाषेत नेणार आणि मग समजून घेणार, आणि यात वाचकाची जी दमछाक होते तिचा दोष तो उगाच स्वतःला देतो. त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद असतो कधीकधी, तो शोधा.

अजून काही गोष्टी पटकन बघून घ्या:

टाइप किती मोठा आहे. दुपारच्या झोपाळू वेळेत बारीक टाइप आणि गच्च भरलेलं पान वाचवत नाही, चाळिशी ओलांडली असेल तर नाहीच. कागद खूप चकचकीत असेल तर उन्हात डोळ्यांवर चमक येते.

मालिकेतलं पुस्तक आहे का, आणि असेल तर कितवं. तिसरा भाग हातात घेऊन "हे काहीच कळत नाही" म्हणून सोडून दिलेली माणसं मी बघितली आहेत. काही मालिकांत प्रत्येक पुस्तक सुटं वाचता येतं, तोच गुप्तहेर आणि दर वेळी नवं प्रकरण, अशा मालिका सुट्टीला फार चांगल्या, कारण एक आवडलं की पुढची दहा शोधावी लागत नाहीत.

संक्षिप्त आवृत्ती आहे की संपूर्ण. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हे आतल्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. संक्षिप्त वाचण्यात चूक काही नाही पण आपण काय वाचतोय ते माहीत असावं.

ऑनलाइन घेत असाल तर पुष्कळदा नमुन्याची पानं असतात, असतील तर ती वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि मागवण्याआधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, जुळवून घ्या, तेरा आकडी असतो (२००६ अखेरपर्यंत दहा आकडी असायचा), एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना आणि वेगवेगळ्या अनुवादांना वेगवेगळा क्रमांक असतो, त्यामुळे नेमका तुम्हाला हवा तोच अनुवाद मागवता येतो.

पायरी ५: तीनच निवडा

हिशोब दोन पुस्तकांचा आला असेल तर तीन घ्या, जास्त नको. कशी तीन?

एक असं की ज्याच्याबद्दल तुम्हाला अजिबात शंका नाही, आवडणारच. सोपं, वेगवान, तुमच्या दाराचं. खूप वर्षांनी वाचत असाल तर सुरुवात याच्यापासूनच करा. लहानपणी आवडलेलं पुस्तक परत वाचलंत तरी चालेल, उलट मी तर म्हणेन जरूर वाचा, डोळ्यांना आणि मनाला वाचायची लय परत सापडायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

दुसरं छोटं. शंभर-सव्वाशे पानांचं, किंवा कथासंग्रह. पुस्तक पूर्ण केल्याचा जो आनंद असतो तो लवकर मिळायला हवा.

तिसरं तुमच्या कुतूहलाचं, जे कदाचित आवडेल, कदाचित नाही. तारे, पक्षी, एखादं युद्ध, एखाद्या खेळाडूचं चरित्र, काहीही. हे जमलं नाही तरी बिघडत नाही म्हणून हे तिसरं.

"सुधारणा करायला" म्हणून एकही पुस्तक यात घालू नका. पैसे कसे वाचवावेत, पहाटे कसं उठावं, ही पुस्तकं वर्षभर आहेतच.

पायरी ६: कागद, स्क्रीन की कानाने

यावर लोक हिरीरीने वाद घालतात, मला त्यात फार रस नाही, तीनही चांगलं. काही व्यवहारातल्या गोष्टी फक्त सांगतो.

ई-रीडरची ई-इंक स्क्रीन कागदासारखी बाहेरच्या उजेडावर वाचता येते, त्यामुळे भर उन्हात पण अक्षर स्पष्ट दिसतं, मोबाईलची स्क्रीन तिथे काळी पडल्यासारखी दिसते. टाइप हवा तेवढा मोठा करता येतो, प्रवासात वजन नाही. मोबाईलवर वाचणार असाल तर वाचताना नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं मेसेजमध्येच जातात.

कागदी पुस्तक असेल तर बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पेपरबॅकची पानं बहुतेक वेळा गोंदाने चिकटवलेली असतात, तो गोंद तापला की सैल होतो आणि पानं सुटायला लागतात. ई-रीडर आणि मोबाईल तर नकोच, बॅटरी खराब होते.

ऑडिओबुक साधारण मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्दांच्या वेगाने वाचलेलं असतं, म्हणजे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा सावकाश, तेव्हा मध्यम आकाराची कादंबरी सहज आठ-दहा तासांची होते. चालताना, स्वयंपाक करताना, लांबच्या प्रवासात उत्तम. इथे पुस्तकाइतकाच आवाज महत्त्वाचा, नमुना पाच मिनिटं ऐका, वाचणाऱ्याचा आवाज खटकला तर पुस्तक कितीही चांगलं असो, सोडा. आणि पहिल्यांदा ऐकत असाल तर पात्रांची गर्दी असलेली कादंबरी नको, कानाने ऐकताना मागचं पान चाळून "हा कोण" बघता येत नाही ना.

इंग्रजीही वाचत असाल तर कॉपीराइट संपलेली हजारो पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतात, १९७१ पासून चालू आहे ते, आणि अशाच पुस्तकांची स्वयंसेवकांनी वाचलेली मोफत ध्वनिमुद्रणं लिब्रिवॉक्सवर, ते २००५ पासून.

पायरी ७: सुरुवात करा, आणि सोडायला घाबरू नका

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सुरू करू नका असं मी सांगेन. आधीच, निघायच्या दोन-तीन दिवस आधी, पहिली वीस पानं वाचून ठेवा. नवीन जागा, नवीन माणसं आणि नवीन पुस्तक हे सगळं एकदम झालं की पुस्तक मागे पडतं. वीस पानं आधी झालेली असली की पात्रं ओळखीची होतात आणि मग तुम्ही पुस्तकाकडे परत येता. हे एवढं छोटं वाटतं पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडला आहे.

आता सोडण्याचं. नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम आहे, पन्नास पानांचा. पुस्तकाला पन्नास पानं द्या, तोवर नाही जमलं तर सोडा. आणि तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, जेवढी पानं उरतात तेवढीच द्यायची. म्हणजे साठ वर्षांच्या माणसाने चाळीस पानं, सत्तरच्या माणसाने तीस. वय वाढतं तसा वेळ मोलाचा होत जातो, हे त्यामागचं साधं कारण. कथासंग्रह असेल तर मी पानं मोजत नाही, दोन कथा वाचतो, शक्यतो एक सुरुवातीची आणि एक मधली.

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यात पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक पूर्ण न करण्याचा आहे, पुन्हा वाचण्याचा आहे, आणि मुळात न वाचण्याचाही आहे. ते स्वतः शिक्षक होते, पुस्तकांना घाबरणारी मुलं त्यांनी जवळून बघितली होती. आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेपासून शिकवलंय की हातात घेतलेलं पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे. त्यामुळे होतं काय, की एक नावडतं पुस्तक बिछान्याशेजारी पडून राहतं, ते संपेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही असं आपण ठरवतो, आणि त्यात वर्ष जातं. एका पुस्तकापायी पुढची दहा वाचायची राहतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण असं करणारी माणसं वाचनावर प्रेम करणारीच असतात, म्हणून तर त्यांना सोडवत नाही.

सोडताना एवढं बघा की कंटाळा पुस्तकाचा आलाय की दिवसाचा. सलग दोन दिवस, वेगवेगळ्या वेळी, एकदा सकाळी आणि एकदा रात्री उघडून बघा. दोन्ही वेळी हात मागे आला तर पुस्तकाचा.

मुलांसाठी निवडत असाल तर

थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळा विषय आहे. मुलांना स्वतः निवडू द्या. कॉमिक चालेल, तेच पुस्तक पाचव्यांदा चालेल, वयापेक्षा लहान मुलांचं चालेल. अवघड आहे का बघायला पाच बोटांची युक्ती शाळांमधून पुष्कळ वापरतात: मधलं एक पान मुलाला वाचायला सांगा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट वर. एखाद-दुसरं बोट वर आलं तर आरामात वाचेल, तीन-चार आली तर तुम्ही शेजारी बसा, पाच झाली तर ते पुस्तक तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पण त्याच्या हातातून काढून घेऊ नका. त्याने ते निवडलंय म्हणजे त्यातलं काहीतरी त्याला हवंय.

वाचून झाल्यावर "यातून काय शिकलास" हा प्रश्न विचारू नका. "त्या कुत्र्याचं पुढे काय झालं रे?" असं विचारा आणि मग नुसतं ऐकत बसा.

अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं काय करायचं

जे पुस्तक सोडलंत त्यात जिथे थांबलात तिथे एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर तारीख आणि एक ओळ, का थांबलो त्याची. "नावं फार, गोंधळ होतोय, सलग वेळ हवा." किंवा "आत्ता मन लागत नाही, विषय जड." वाचनालयाचं असेल तर परत करा आणि हीच ओळ पायरी १ च्या कागदावर लिहून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात निवडताना तो कागद काढायचाच आहे. माझ्या त्या साडेसहाशे पानांच्या कादंबरीत चिठ्ठी होती, "पान ४०, घरात फार माणसं, शांत वेळ मिळाला की पहिल्यापासून." पावसाळ्यात ती हाती लागली, तेव्हा शांत वेळ होता, आणि मी पहिल्यापासून सुरू केली.